झोपाळ्याला पीयू मारू की स्पिरिट पॉलिश?

प्रश्न : गावच्या घरी माजघरात आजोबांचा सागवानी झोपाळा आहे. पॉलिश काळपट पडलंय आणि बसायच्या जागी तर पार उडालंय. सुतार म्हणतो सगळं घासून पीयू (पॉलियुरेथेन) मारू, मग वर्षानुवर्षं बघायला नको. काका म्हणतात झोपाळ्याला स्पिरिट पॉलिशच. मला लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात, वर काच बसवल्यासारखं नको. काय करू? (चिपळूण)

उत्तर : मी काकांच्या पार्टीतला. पण आधी त्यावर आत्ता काय आहे ते बघून घ्या. फळीच्या खालच्या अंगाला, कुणाची नजर जात नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं आणि रंग कापसाला आला तर ती चपडा लाख, म्हणजे काकांचं स्पिरिट पॉलिशच. स्पिरिटने काहीच झालं नाही पण थिनरने सुटलं तर लॅकर, आणि दोघांनाही दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. आजोबांच्या काळातलं म्हणजे बहुतेक लाखच निघेल, आणि तसं असेल तर मशीन लावून घासायची काही गरज नाही, स्पिरिट आणि जाडसर फडकं घेऊन पुसत गेलात की जुना थर सुटतो, आणि तो काळपटपणासुद्धा अर्धाअधिक अंगाच्या तेलाचा आणि धुळीचाच असतो.

पीयू वाईट आहे असं अजिबात नाही. पाणी, चहा, सांडलेलं काहीही, त्याला काही होत नाही, डायनिंग टेबल असतं तर मीच सांगितलं असतं की डोळे मिटून पीयू करा, मॅट मिळतो तो घ्या म्हणजे काचेसारखं दिसणार नाही. पण पीयू एकदा कडक झाला की वरचा नवा हात खालच्या थरात विरघळत नाही. कडी घासून किंवा पोरांच्या खेळण्याने ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त केलेला ओळखू येतो, मग अख्खी फळी घासा. लाखेचं तसं नाही, नवा हात जुन्यात मिसळून जातो, म्हणून दर दोन-चार वर्षांनी घरच्या घरी दोन हात दिले की झालं.

लिटरभर स्पिरिटला साधारण 200 ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी गाळून घ्या. मलमलच्या फडक्यात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे, एका जागी थांबायचं नाही. लागेल तेवढंच भिजवा कारण महिनोन्‌महिने ठेवलेलं पॉलिश नीट कडक होत नाही, चिकचिकत राहतं. आणि फळीची खालची बाजू सोडू नका! एकाच बाजूला पॉलिश असलं की दोन्ही बाजूंनी दमट हवा सारखी शोषली जात नाही आणि फळी वाकते. सुतार हे हमखास विसरतात.

तोटा सांगायलाच हवा, गरम कप थेट ठेवला की पांढरं वर्तुळ उमटणार. झोपाळ्यावर चहा पिणारं घर असेल तर बशी सक्तीची करा. आणि उद्या लाखेवर पीयू मारायचा विचार आलाच तर साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही, त्यासाठी मेण काढलेली लाख लागते.

प्रश्न : जुलैमध्ये कपाटाला लॅकर मारून घेतलं, वाळल्यावर दुधी झालं. माल भेसळीचा असेल का? (ठाणे)

उत्तर : बहुतेक माल ठीक आहे, महिना चुकलाय. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर बसून थरात अडकते. कोरड्या दिवशी, हवं तर उन्हाळ्यापर्यंत थांबून, रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालतात तो) घातलेल्या थिनरचा अगदी हलका स्प्रे मारायला सांगा, बऱ्याचदा तेवढ्याने जातं. स्पिरिट पॉलिशलाही पावसाळ्यात हेच होतं, त्यामुळे चिपळूणकरांनीही दिवाळीनंतरच सुरुवात करावी.

प्रश्न : नव्या पोळपाटाला जवसाचं तेल लावू का? बाटलीवर 'बॉइल्ड' लिहिलंय. (नाशिक)

उत्तर : नको. नाव बॉइल्ड असलं तरी त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंची ड्रायर्स घातलेली असतात, ते स्वयंपाकघरात नकोच. पोळपाट कोराच बरा, धुवायचा, पुसायचा, उभा करून वाळवायचा. भाजी कापायच्या फळीला हवं तर फूड ग्रेड मिनरल ऑइल लावा, शेंगदाण्याचं तेल वाळत नाही आणि खवट वास मारतं. ती बाटली एखाद्या स्टुलाला वापरा, मस्त दिसेल, फक्त तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती वाळताना आपोआप तापतात आणि खरोखर पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, मगच फेका.