हलगी पोर्तुगालला न्यायचीय, युरोपचा फंड मिळेल का?

प्रश्न : ताई, आमचा शिवाजी पेठेत हलगी-घुमकं-कैताळाचा ग्रुप आहे, ट्रस्ट पण रजिस्टर केलाय. पोर्तुगालच्या एका ढोलवाल्या ग्रुपशी ऑनलाइन ओळख झाली, ते म्हणतात एकत्र कार्यक्रम बसवूया, क्रिएटिव्ह युरोप या युरोपियन युनियनच्या कला-संस्कृतीच्या योजनेतनं पैसे मिळतील. इथला एक एजंट म्हणतोय ५० हजार द्या, फॉर्म मी भरतो. देऊ का? आणि पैसे थेट आमच्या खात्यावर येतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एजंटला एक रुपया पण देऊ नका. अर्ज युरोपियन युनियनच्या पोर्टलवर होतो, त्याला फी नाही, आणि मुळात तो तुम्ही भरायचाच नाहीये, कारण भारत या योजनेतल्या देशांत नाही. अर्ज पोर्तुगालवाल्यांनी करायचा, तोही एकट्यानं चालत नाही. सगळ्यात छोट्या प्रोजेक्टला सुद्धा योजनेतल्या ३ वेगळ्या देशांतल्या ३ संस्था लागतात, त्यातली लीड, म्हणजे अर्ज करणारी, संस्था किमान २ वर्षं जुनी पाहिजे. अशा प्रोजेक्टला २ लाख युरोपर्यंत मिळतात, पण ते खर्चाच्या जास्तीत जास्त ८० टक्के, उरलेले त्यांनी स्वतः उभे करायचे. म्हणून त्यांना आधी विचारा, बाकीच्या दोन संस्था कोण आणि २० टक्के कुठनं आणणार? याचं उत्तर नसेल तर अजून नुसत्या गप्पाच चालल्यात असं समजा.

तुमचं नाव अर्जात असोसिएटेड पार्टनर, म्हणजे नुसता सोबतचा भागीदार, म्हणून घालता येतं, मात्र त्या नावावर ग्रँट मिळत नाही. त्यापेक्षा त्यांनी तुम्हाला वादक म्हणून बोलवावं, तिकीट आणि मानधन त्यांच्या बजेटमध्ये धरावं, हे मला जास्त बरं वाटतं. तुमच्या ट्रस्टला परदेशातून ग्रँट घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन लागतं, त्याला संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या ३ वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेला दाखवावा लागतो, नाहीतर त्या एका कामापुरती आधी परवानगी घ्यायची, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचलाच. मानधनाचं रीतसर बिल ही वेगळी गोष्ट आहे, पण करार करायच्या आधी सीएला दाखवाच, इथं चूक झाली तर ट्रस्ट अडकतो.

आता मला खरं तळमळीनं सांगायचंय ते हे, की अर्जात 'भारतीय वाद्य' एवढ्या एका ओळीवर स्वतःला उरकू देऊ नका. तिथं मार्क प्रोजेक्ट युरोपला का हवाय यावर पडतात, कामाचा दर्जा, व्यवस्थापन, ते लोकांपर्यंत कसं पोचणार यावर पडतात. तेव्हा तुमच्या वाट्याचं पान तुम्हीच लिहून पाठवा. कुस्तीच्या मैदानात हलगी कशी वाजते, तिथल्या पोरांना किती दिवसांत काय शिकवाल, दोघांचा मिळून कार्यक्रम कुठल्या गावात होणार, वादक किती येणार, रोजचं मानधन किती. पैसे ठरलेल्या टप्प्यांवर ठोक रकमेत मिळतात, टप्पा पुरा झाला नाही तर कापतात, त्यामुळे जे जमणार नाही ते लिहूच नका.

सध्याची योजना २०२७ पर्यंत आहे. प्रत्येक सहभागी देशात क्रिएटिव्ह युरोप डेस्क असतो, तिथं फुकट सल्ला मिळतो, पोर्तुगालवाल्यांना आधी तिथं जायला सांगा.