संथ गाणी आणि हुरहुर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ‘स्लोकोर’ या संथ, उदास वळणाच्या इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर तयार होणाऱ्या) संगीताची छोटी ओळख दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा 19 वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला आहे. रात्री खोलीचं दार लावून इंग्रजी गाणी ऐकतो. इतकी रेंगाळलेली आणि रडवी की मला बाहेर बसवत नाही. त्याला नैराश्य तर आलं नसेल ना? गाणी बंद करायला सांगू का? (एक आई, राजेंद्र नगर, इंदूर)

बंद करायला सांगू नका. गाणी रडवी आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मराठीत दुःख आणि हुरहुर हे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे उपयोगी पडतात. दुःख अंगावर येतं. हुरहुर मात्र माणूस स्वतःहून जवळ बाळगतो, दिवेलागणीला उगाच अंगणात थांबावं तशी. बर्लिनच्या दोन संशोधकांनी 2014 मध्ये 772 जणांची पाहणी प्रसिद्ध केली. उदास संगीत ऐकताना कोणती भावना सर्वांत जास्त वेळा मनात येते, असं त्यांनी विचारलं होतं. वरचढ ठरलं ते दुःख नव्हतं, गेलेल्या दिवसांची ओढ होती. ज्यांना दुसऱ्याचं दुःख चटकन समजतं, त्यांना असं संगीत जास्त आवडतं, असंही इतर अभ्यासांत दिसलं आहे.

याला दुसरी बाजूही आहे. एकच विचार उगाळत बसण्याची सवय असलेल्यांचं मन अशा गाण्यांनी आणखी खाली जाऊ शकतं. म्हणून गाण्यांपेक्षा मुलाच्या दिनक्रमाकडे लक्ष द्या. झोप, जेवण, मित्र, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, यांतलं बरंच काही दोन आठवड्यांहून जास्त दिवस बिघडलं असेल, किंवा ‘जगून काय करायचं’ असं काही त्याच्या बोलण्यात आलं, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत.

आणि एका संध्याकाळी त्याला म्हणा, ‘तुझं सगळ्यात आवडतं एक गाणं मला ऐकव.’ पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. त्यानंतर तो जे बोलेल, ते तुम्हाला आमच्या उत्तरापेक्षा जास्त कळवेल.

प्रश्न : चाळीस वर्षं ख्याल ऐकतोय. नातीने हे स्लोकोर ऐकवलं. लय संथ आहे म्हणून विलंबित आठवलं, पण काहीतरी निराळं आहे. काय ते सांगता येत नाही. (रामबाग, इंदूर)

आपला कान बरोबर सांगतो आहे. आधी लय मोजून पाहा. गाणं लावून पायाने ताल धरा, 15 सेकंदांत पडलेले ठोके मोजा आणि चाराने गुणा. बहुतेक वेळा उत्तर 60 ते 80 च्या दरम्यान येईल. (130 च्या आसपास आलं तर तुम्ही मधले अर्धे ठोकेही मोजलेत. आकडा निम्मा करा.) म्हणजे ख्यालाच्या मापाने ही मध्यलयच झाली. अतिविलंबित झुमरा तालात एक मात्रा तीन-चार सेकंद चालते, 14 मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास किंवा त्याहूनही लांब जातं. उस्ताद अमीर खाँ (1912–1974) तर इंदूरचेच. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगिये होते. तबल्यावर साधा ठेका, आणि त्यावर एकेक स्वर सावकाश उलगडत जाणं, ही त्यांची गायकी आपल्याला सांगायला नकोच.

मग मध्यलयीतलं गाणं विलंबितापेक्षाही संथ का वाटतं? कारण दोन ठोक्यांच्या मधली जागा. झुमऱ्याची एक मात्रा कितीही लांबली तरी ‘तिरकिट’ आणि भरीचे बोल ती सांभाळतात, मागे तानपुरा अखंड चालू असतो आणि गायकाची मींड एका स्वरातून दुसऱ्यात नेते. कान एका क्षणासाठीही रिकामा राहत नाही. स्लोकोरमध्ये ती भर मुद्दाम काढून टाकलेली असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावचा ‘लो’ हा बँड 1993 साली सुरू झाला. चहूकडे कर्कश रॉक चालू असताना हळू आणि हलकं वाजवायचं, हाच त्यांचा पण होता. त्यांच्या ड्रमर मिमी पार्कर उभ्या राहून वाजवत. समोर दोनेक ड्रम आणि एक झांज, हातात बहुधा काठ्यांऐवजी ब्रश. ठोका पडतो, आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तिथे कोणीही नसतं.

त्या रिकाम्या जागेत काय घडतं, ते ऐकण्यासारखं आहे. गिटारची जाड तार छेडली की आधी नखीचा टक् असा आवाज येतो. मग तारेतले वरचे, चमकदार उपस्वर आधी विरतात. शेवटी खालचा मूळ स्वर एकटा उरतो, मंद आणि झाकोळलेला. आता खिन्न माणसाचं बोलणं आठवा. तो सावकाश बोलतो, आवाज लहान आणि खालच्या पट्टीत, चढउतार कमी, आवाजाची धार गेलेली. विझत जाणारी तार नेमकी त्याच वाटेने जाते. या संगीताची उदासी शब्दांपेक्षा तारेच्या या विझण्यात जास्त आहे, असं आमचं ठाम मत आहे. ख्यालात गाता स्वर श्वासाने जिवंत ठेवला जातो. इथे स्वर मरू देतात आणि आपल्याला ते ऐकायला लावतात. आपल्याला जे निराळं वाटलं, ते बहुधा हेच.

दुसरा फरक समेचा. ख्यालात ओढ असते ती समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची. इथे दोन-चार कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) पुन्हा पुन्हा येतात. ओढ असते ती कॉर्ड कधी बदलेल याची, आणि तो बदल कानाच्या अपेक्षेपेक्षा उशिरा करतात. सम शोधत बसलात तर कंटाळा येईल. बदलाची वाट पाहा.

प्रश्न : फोनवर ‘स्लोड आणि रिव्हर्ब’ लिहिलेली हिंदी गाणी असतात. तीही स्लोकोरच का? (सुदामा नगर, इंदूर)

नाही. ते तयार गाणं ओढून लांबवलेलं असतं आणि त्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनासारखा घुमारा, चढवलेला असतो. वेग 85 टक्के केला की पट्टी जवळजवळ तीन अर्धस्वरांनी उतरते. पेटीवरच्या काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचच्या जवळ येतं आणि गायकाचा आवाज झोपेतल्या माणसासारखा जड होतो. पण 120 ठोक्यांचं गाणं 102 वर आलं तरी त्यातली वाद्यांची गर्दी तशीच राहते, जागा काही मोकळी होत नाही. ही तऱ्हा ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने 1990 च्या दशकात रॅपच्या गाण्यांवर रुजवली. त्याची मजा वेगळी आहे, ती जरूर घ्या. आणि यांतलं काहीही फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर बोलते, फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. साधे तारेचे इअरफोनसुद्धा चालतील, मात्र कूलर बंद करून.

प्रश्न : आम्ही दोघे, एक गिटार, एक बेस. 64 बीपीएमवर (मिनिटाला 64 ठोके) मराठी गाणं बसवतोय. वाजवताना वेग वाढत जातो, आणि रेकॉर्ड केलं की सगळा चिखल ऐकू येतो. घरीच रेकॉर्ड करतो. (पलासिया, इंदूर)

वेग वाढतो याचं कारण सरळ आहे. 64 वर दोन ठोक्यांत जवळजवळ 0.94 सेकंदाचं अंतर पडतं. ते मनात भरलं नाही तर हात घाई करतो. तबलजी मात्रेचे तुकडे करून चालतो, तसंच करा. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने क्लिक देणारं यंत्र) आधी 128 वर लावून पाच मिनिटं वाजवा, मग 64 वर, आणि मधला ठोका तोंडाने म्हणा. ते जमलं की 32 वर लावा, म्हणजे क्लिक फक्त पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर पडेल. इथे सुरुवातीला हमखास चुकेल, कारण दोन क्लिकमध्ये पावणेदोन सेकंदांहून जास्त अंतर जातं आणि एवढ्या लांबीवर कोणाचाही अंदाज डळमळतो. आठवडाभर रोज दहा मिनिटं दिलीत की फरक कळेल.

चिखलाचं मूळ बहुतेक रिव्हर्बमध्ये आहे. 64 वर चार ठोक्यांचा बार 3.75 सेकंदांचा होतो. रिव्हर्बची शेपटी त्याहून लांब असली की मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळतो. ती अडीच सेकंदांवर आणा, प्री-डिले (मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांमधलं अंतर) 40 ते 60 मिलिसेकंद ठेवा, आणि रिव्हर्बच्या चॅनलवर (मूळ गिटारवर नव्हे) 250 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. डिले (प्रतिध्वनीसारखा परत येणारा आवाज) लावत असाल तर तो 469 मिलिसेकंदांवर, म्हणजे अर्ध्या ठोक्यावर बसतो. कॉर्ड बदलताना मागच्या कॉर्डच्या मोकळ्या तारा तळहाताने थांबवा, ही सवय बहुतेकांना नसते. बेसने बारला एकच स्वर घ्यावा आणि चौथ्या ठोक्यावर तो बोटाने बंद करावा. बेस सतत गुणगुणत राहिला की गिटारची शेपटी ऐकूच येत नाही.

रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर करा. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला (सकाळी दूध नासायला नको असेल तर आठवणीने परत लावा), माइकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रजया टांगलेल्या. गिटार अकूस्टिक असेल तर माइक बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरची बारावी पट्टी), 20 ते 25 सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवलात तर नुसता घुमारा मिळेल. 24 बिटवर घ्या, सर्वांत मोठा आवाज -12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) वापरू नका. जलद गाण्यात तो चालून जातो, इथे मात्र तो विझत्या तारेचा शेवटच कापतो.

गाणं मराठी आहे, म्हणून शब्दांबद्दल थोडं. संथ लयीत ओळीचा शेवटचा स्वर ताणायचा असेल तर ओळ दीर्घ स्वरावर संपू द्या. ‘वाटा’ मधला शेवटचा ‘आ’ हवा तितका लांबतो. ‘वाट’ मध्ये ‘वा’ वर थांबून ‘ट’ अगदी शेवटी, हलकेच मिटावा लागतो. ‘वाटऽ’ असं शेवटचं अक्षर ओढलंत की ते शाळेतल्या कवितेसारखं वाटतं आणि सगळा परिणाम जातो. जोडाक्षरं ओळीच्या टोकाला नकोत.

शेवटचा कॉर्ड वाजवल्यावर स्टॉपचं बटण लगेच दाबू नका. हात तारांपासून दूर घ्या, खुर्ची हलू देऊ नका, आणि 12 ते 15 सेकंद तसेच बसून राहा. त्यानंतर 20 सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा. मिक्स करताना कुठे खोकला किंवा खुर्चीचा आवाज कापावा लागला, तर तिथे भरायला हीच शांतता लागेल.