गाडीतलं नेव्हिगेशन शेतातून चालतंय? आधी नकाशाचं साल बघा

भाऊ, धुळे-जळगाव चौपदरीवर तुमची गाडी पडद्यावर शेतातून चालतेय आणि आतली बाई सारखी 'यू टर्न घ्या' म्हणतेय, हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. माझीही सेकंडहँड गाडी, कंपनीचंच नेव्हिगेशन. वर दोघांनी 'काढून फेका, अँड्रॉइड स्टिरिओ बसवा' असं सांगितलंय. घाई करू नका.

ॲंटेना बहुतेक ठीक असेल, नाहीतर गाडीचा बाण अडकला असता किंवा कुठेही भरकटला असता. नकाशाच जुना असावा. एक खूण सांगतो: महामार्गाचा नंबर बघा. २०१० मध्ये नंबर बदलले, आपला सहा नंबर आता ५३ झालाय. पडद्यावर अजून ६ दिसत असेल तर त्या नकाशाकडून नव्या बायपासची अपेक्षाच नको.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हिस सेंटरला (नाव घेत नाही, उगाच वाद नको) मी 'नेव्हिगेशन अपडेट करून द्या' म्हणालो. त्यांनी गाडी दिवसभर ठेवून घेतली, बिल फाडलं, बिलावर 'अपडेट' लिहिलं. घरी येतो तर शेत तेच, यू टर्न तोच. परत गेलो तर म्हणे सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे, ढग असतील. वैशाखात, जळगावात ढग! तिसऱ्या खेपेला म्हणे युनिटच गेलंय, नवं टाका. शेवटी मीच सेटिंगमध्ये जाऊन माहितीचं पान उघडलं. तिथे दोन वेगळ्या ओळी असतात, एक सिस्टिम सॉफ्टवेअरची, दुसरी मॅप डेटाची. यांनी पहिली बदलली होती, दुसरीला हातच लावला नव्हता. ते पान समोर धरलं तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, 'तुम्ही मॅप म्हणाला नव्हता.' पैसे परत? नाव नको. म्हणून गाडी देताना मॅप डेटाच्या ओळीचा फोटो काढून ठेवा, घेताना परत काढा, मगच पैसे द्या. नकाशा एसडी कार्डावर असेल तर कुणी स्वस्तात कॉपी मारून देतो म्हणाला तरी नको, बरीचशी कार्डं त्या-त्या युनिटलाच बांधलेली असतात. तुमच्या मॉडेलचं मला ठाऊक नाही, मॅन्युअल बघून घ्या.

दुसरं, आधीच्या मालकाची सेटिंगं अजून आत असतील. 'टोल टाळा' चालू राहिलं असेल तर नकाशा नवा असूनही गाडी खेड्यांतून फिरेल. 'सर्वात कमी अंतर' तर सातपुड्यात धडगाव-तोरणमाळकडे अजिबात ठेवू नका, रात्री घाटात अरुंद रस्त्यावर नेऊन उभं करील. मात्र तिकडे रेंज गेली की फोनवाले गप्प होतात (नकाशा आधी उतरवला नसेल तर), आपलं हे चालतं, कारण नकाशा गाडीतच असतो. म्हणूनच काढू नका म्हणतोय.

आवाज येत नाही म्हणालात ना? ती बोलत असतानाच व्हॉल्यूम फिरवा. एरवी फिरवलात तर फक्त गाण्याचा वाढतो. आमचे वडील मागच्या सीटवरून म्हणायचे, 'हाई बाई काय सांगी राहिनी? रस्ता माले इचार!' आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघायचं.

गावाचं नाव टाकताना खुर्द-बुद्रुक आणि तालुका बघूनच निवडा. अक्षांश-रेखांश टाकत असाल तर फोनवरचा दशांश आकडा अंश-मिनिटांच्या चौकटीत तसाच टाकू नका. ७५.५० म्हणजे ७५ अंश ३० मिनिटं. तिथे ५० मिनिटं टाकलीत तर जळगावच्या अलीकडचं ठिकाण भुसावळच्या पलीकडे जातं, सुमारे ३५ किलोमीटरचा फरक. आणि हे सगळं निघण्याआधी करा, बऱ्याच गाड्यांत चाक हललं की कीबोर्ड बंद होतो.

मी नकाशा उत्तर वर ठेवूनच वापरतो. सातपुडा कायम वर, तापी उजवीकडून डावीकडे, डोकं शांत. बायकोला गाडीबरोबर फिरणारा नकाशा लागतो, यावरून आमचं रोज वाजतं.

कुणाचा आयशर किंवा ट्रक असेल तर कारच्या नेव्हिगेशनवर विसंबू नका. कन्नड घाटात ऑगस्ट २०२३ मध्ये कोर्टाच्या आदेशाने जड वाहनं बंद झाली, कारच्या नकाशाला गाडीचं वजन कळत नाही.

मी काही मेकॅनिक नाही, भोगलेलं तेवढं सांगितलं. मॅप डेटाच्या ओळीत कोणतं साल दिसतं ते इथे टाका, मग कार्ड घ्यायचं की नाही ते बघू.