हृदय आणि फुप्फुसे वेगळी करू नकोस

चि. डॉक्टर यांस,
अनेक आशीर्वाद.

एम.डी. झाल्यावर हृदय व फुप्फुसांच्या विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजीत) संशोधन करावे की एखाद्या मोठ्या खासगी प्रयोगशाळेत रुजू व्हावे, असे तू विचारले आहेस. प्रयोगशाळेत पगार अधिक असतो आणि शवागारातून अवेळी बोलावणे येत नाही, हे आधीच सांगते. त्याउपर या विषयाकडे ओढा असेल, तर माझी एक चूक ऐकून घे.

मी निवासी डॉक्टर असताना काही दिवसांच्या एका बाळाचे शवविच्छेदन माझ्याकडे आले. दिवस मावळत आला होता, आणखी एक काम बाकी होते, म्हणून मी हृदय फुप्फुसांपासून कापून दोन वेगळ्या बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवले. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी हृदय हातात घेतले आणि डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात) फुप्फुसांकडून येणाऱ्या नीला कुठे उघडतात, असे विचारले. त्या नीला मीच कापल्या होत्या. फुप्फुसांतले शुद्ध रक्त वर महानीलेत जात होते, खाली यकृताकडे जात होते, की सारे काही जागच्या जागी होते, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हते. सर रागावले नाहीत. त्यांनी अहवालात ‘निश्चित सांगता येत नाही’ हे वाक्य मात्र माझ्याच हाताने लिहून घेतले. दुःखाच्या त्या घडीला संमतीपत्रावर सही करणाऱ्या आईवडिलांना द्यायला माझ्याकडे तेवढेच उत्तर उरले.

तेव्हापासून ही दोन इंद्रिये मी एकत्रच काढते आणि त्यांचा विचारही एकत्रच करते. संधिवाताच्या तापाने आकसलेली मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, आपल्याकडे आजही तरुण रुग्णांत दिसते. त्या झडपेमागे रक्त तुंबले की फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी वायुकोशांत पाझरतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि पर्ल्सच्या रंजनात (लोह दाखवणाऱ्या रंगात) त्यांतले लोह निळे दिसते. या भक्षक पेशी सापडतात फुप्फुसांत, पण त्यांचे नाव पडले ते हृदयाच्या अपयशावरून: ‘हार्ट फेल्युअर सेल्स’! डोनाल्ड हीथ व जेसी एडवर्ड्स या विकृतिशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये फुप्फुसांतील रोहिण्यांमधल्या बदलांच्या सहा पायऱ्या ठरवल्या, त्याही मुख्यतः जन्मजात हृदयदोषांच्या रुग्णांकडे पाहूनच. हृदयातले छिद्र बुजवण्याची वेळ टळून गेली आहे का, या शल्यचिकित्सकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी फुप्फुसाच्या काचपट्टीवर शोधले. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण जेमतेम तीन तास जगला. आज प्रत्यारोपणाआधी रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध काटेकोरपणे मोजतात, कारण दात्याच्या निरोगी हृदयाचे उजवे व्हेंट्रिकल (फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा खालचा कप्पा) चढ्या दाबाला सरावलेले नसते आणि काही तासांतच हात टेकते.

संशोधनाला विषय कुठून आणायचा, हा तुझा दुसरा प्रश्न. त्यासाठी जन्मजात हृदयदोषांच्या अभ्यासक मॉड ॲबट यांचे उदाहरण बघ. त्यांना कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने स्त्री म्हणून वैद्यकशाखेत प्रवेश नाकारला होता. बिशप्स कॉलेजातून १८९४ मध्ये पदवी घेऊन त्या पुढे त्याच मॅकगिलच्या वैद्यकीय संग्रहालयात आल्या, आणि त्यांच्या वाट्याला आल्या त्या बरण्या व त्यांच्या नोंदी. त्यांतले एक विचित्र हृदय अँड्र्यू होम्स यांनी १८२४ मध्ये वर्णिलेले आहे, याचा माग त्यांनी काढला. नामवंत वैद्य विल्यम ऑस्लर यांच्या सांगण्यावरून १९०८ मध्ये त्यांनी जन्मजात हृदयदोषांवर जे प्रकरण लिहिले, त्याला ४१२ नोंदींचा आधार होता. १९३६ पर्यंत त्या नोंदी १००० झाल्या. ज्या कामाला इतरांनी बरण्या पुसणे म्हटले असते, त्यातून एक शास्त्र उभे राहिले, असे माझे मत आहे.

बढतीसाठी शोधनिबंध लागतात, हे मी नाकारत नाही. परंतु एकेका दुर्मीळ रुग्णाची टिपणे छापून आणण्याच्या मोहात पहिली पाच वर्षे घालवू नकोस. त्याऐवजी एकच साधा प्रश्न धर, एकच नमुना-तक्ता ठरव आणि प्रत्येक हृदय त्याच क्रमाने, रक्तप्रवाहाच्या दिशेने उघड: महानीलांतून उजव्या कर्णिकेत, तिथून फुप्फुसरोहिणीकडे, मग नीलांतून डावीकडे आणि शेवटी महारोहिणीत. वजन गुठळ्या काढल्यावरच कर. निदान एका फुप्फुसात श्वासनलिकेतून फॉर्मॅलिन हलक्या दाबाने भरून ते रात्रभर ठेव, नाहीतर मिटलेले वायुकोश न्यूमोनियासारखे दाट दिसून तुला फसवतील. जुन्या नोंदींवर काम करण्यापूर्वीही नीतिसमितीची परवानगी घे. संख्याशास्त्रज्ञाला मात्र आकडे जमवून झाल्यावर नव्हे, तक्ता आखतानाच गाठ. हे मी फार उशिरा शिकले.

शवविच्छेदनाला संमती मिळणे दिवसेंदिवस अवघड होते आहे. नातेवाइकांशी बोलायला कनिष्ठ डॉक्टरला एकटे पाठवू नकोस, स्वतः जा, बसून बोल, आणि अहवाल तयार झाल्यावर त्यांना समजेल अशा मराठीत सांगायलाही तूच जा.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तू उघडलेल्या शेवटच्या दहा हृदयांची वर्णने बरोबर आण. वजने ग्रॅममध्ये आणि झडपांचे परीघ मिलिमीटरमध्ये असू देत. आकृत्या पेन्सिलीने काढलेल्या असल्या तरी चालतील.

तुझी,
मॅडम