वाघाची मावशी पलंगाखाली

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २४ वर्षांची आहे. सांगलीजवळच्या एका छोट्या शेल्टरमध्ये शनिवार-रविवार कामाला जाते. आमच्याकडे ठकी नावाची साधी देशी मांजरी आहे. करडी, पोट पांढरं, वय ११ च्या आसपास. तिला सांभाळणाऱ्या आजी वारल्या आणि घर बंद करताना नातेवाइकांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. त्याला १४ महिने झाले. तेवढ्यात कितीतरी पिल्लं आली, घरं मिळून गेलीसुद्धा. ठकी तिथंच. कुणी बघायला आलं की टोपलीत तोंड खुपसून पाठ करून बसते, हात पुढं केला की फिस्कारते. लोक विचारतात, "ही आजारी आहे का?" आता पुण्याच्या एका निवृत्त बाईंचा फोन आलाय, मोठं मांजर चालेल म्हणाल्या. आमच्यातले काही जण म्हणतात, त्यांना फार काही सांगू नका, नाहीतर नको म्हणतील. काही म्हणतात, या वयात तिला हलवूच नका. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वय लिहिलंस म्हणून 'तू'च म्हणते.

'फार काही सांगू नका' म्हणणाऱ्यांचं आधी बोलते, कारण ते पाप मीही केलंय. पोस्टात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. एका नऊ वर्षांच्या बोक्याला घर मिळत नव्हतं. कोथरूडचं एक चांगलं कुटुंब आलं आणि मी खुशाल सांगून टाकलं, "जरा लाजतो, दोन दिवसांत मांडीवर येईल." चौथ्या दिवशी ते सगळे दारात. बोका चारही दिवस फ्रिजच्या मागं होता. त्यांचा सातेक वर्षांचा मुलगा रडून रडून लाल झाला होता, "त्याला मी आवडलो नाही" म्हणत. खोटं मी बोलले आणि त्याचं ओझं त्या पोरानं घेतलं. बोका मग माझ्याकडेच राहिला. शिवणयंत्राच्या पायट्यामागं त्यानं मुक्काम ठोकला तो चाळीस दिवस. तेवढे दिवस माझं यंत्र बंद, ब्लाउज बाहेर शिवायला टाकले. एकेचाळिसाव्या रात्री तो स्वतःहून आला, माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. पुढं पाच वर्षं त्याची जागा तीच. मांडीवर? एकदाही नाही.

तेव्हा पुण्याच्या बाईंना सगळं सांग. तोंडीही सांग आणि लिहूनही पाठव. मी असं लिहिलं असतं :

'ठकी. वय अंदाजे ११. नसबंदी झालेली. पाहुण्यांसमोर येत नाही. उचललेलं चालत नाही. नव्या घरात पहिला महिना ती तुम्हाला दिसेल असं धरून चालू नका. रात्री सगळं निजलं की जेवते. एका बाईंबरोबर ती दहा वर्षं राहिली आहे, म्हणजे माणसाबरोबर राहणं तिला येतं.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, आणि ते तुला भरता यायला हवं. त्या नातेवाइकांना फोन कर. राग असेल तर बाजूला ठेव, तुला माहिती हवी आहे. आजी तिला हाक कशी मारायच्या? जेवण किती वाजता, बशीत की वाटीत? ती झोपायची कुठं, आजींच्या पायथ्याशी की कपाटावर? सकाळी घरात सांगली आकाशवाणी लागायची का? हसू नकोस. सकाळी रेडिओ, दुपारी शांतता, संध्याकाळी कुकरची शिट्टी, यावरच अशा मांजरीचं घड्याळ चालतं. तुमच्या शेल्टरमध्ये दिवसभर कुत्री भुंकतात, त्यात ती बुजरी दिसणारच. आजींच्या घरी ती बुजरी होती का, ते आधी विचार. मला वाटतं, उत्तर ऐकून तुम्ही सगळेच चकित व्हाल.

पण त्याच्याही आधी डॉक्टर. दुखणं लपवण्यात मांजराचा हात कुणी धरणार नाही. पाठ करून बसणारं, हात लावू न देणारं म्हातारं मांजर पुष्कळदा बुजरं नसतंच, त्याचा दात दुखत असतो. नाहीतर सांधे. तिचं तोंड उघडून दात बघून घ्या, वजन करा. रक्त तपासताना मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइड, हे दोन्ही सांगून करून घ्या, कारण या वयात हीच दुखणी जास्त निघतात. पाणी एकदम जास्त पिऊ लागली असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रेबीज आणि तिहेरी लस कधी दिली त्याची नोंद, जंताचं औषध, हे सगळं एका फायलीत. काही निघालं तर लपवायचं नाही, दरमहा औषधाला किती लागतील तेसुद्धा लिहायचं. मूत्रपिंडाचा आहार सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत. फसवलं गेल्याची भावना सांभाळणारं मात्र कुणी भेटलं नाही.

हलवू नका म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, हिशेब चुकतोय. घरात राहणारी, नीट सांभाळलेली मांजरं १५-१६ वर्षं सहज काढतात. म्हणजे ठकीचं जवळजवळ एक तृतीयांश आयुष्य बाकी असू शकतं. ते टोपलीत काढायचं? तोवर एक काम आजच कर. दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आण, एका बाजूनं दार काप, आत तिचंच पांघरूण घाल आणि उंचावर ठेव. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या मांजरांवर हेच करून पाहिलं. ज्यांना लपायला खोका मिळाला, त्यांचा ताण लवकर उतरला. लपू दिलं की मांजर लवकर बाहेर येतं. आपण नेमकं उलट करतो, 'बघू दे ना लोकांना' म्हणून टोपली काढून घेतो.

आता त्या बाई. त्यांची परीक्षा घ्यायला जाऊ नकोस, गप्पा मार. मी पहिला प्रश्न हा विचारते : तुम्हाला मांडीवरचं मांजर हवंय की घरातलं? 'मांडीवरचं' म्हणाल्या तर आभार मानायचे आणि दुसरं मांजर सुचवायचं. 'घरात कुणीतरी असावं' अशा अर्थाचं काही म्हणाल्या तर खुर्ची पुढं ओढायची. घर स्वतःचं की भाड्याचं? पुण्यात अकरा महिन्यांच्या करारानं कितीतरी मांजरं रस्त्यावर आणली आहेत, म्हणून घरमालकाचा होकार आधीच घ्यायचा. सोसायटीनं हरकत घेतली तर घाबरायचं कारण नाही. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय पुणे महापालिकेनं २०२२ पासून मांजरांचीही नोंदणी सुरू केली आहे, ती करून घेतली की कागद हातात राहतो. गॅलरीला जाळी आहे का? कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी असेल तर कडा ओढून बघायला सांग, मांजर तिथूनच वाट काढतं. घरी मांस-मासे चालत नसतील तर निदान मांजराचं तयार खाणं आणलेलं चालेल का? दूध-पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो नसला की डोळे आणि हृदय जातं. गणपतीला बाई गावी जातात का, गेल्या तर खायला कोण घालणार?

आणि अवघड प्रश्न. बाई निवृत्त आहेत. एकदा मालकीण जाऊन ठकीचं घर मोडलंय. विचारायला जीभ रेटत नाही, पण विचार : तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलं तर हिच्याकडे कोण बघेल? भाचीचं, शेजारणीचं, कुणाचं तरी नाव आणि नंबर लिहून घे. वयामुळं नाही म्हणू नकोस. म्हाताऱ्या मांजराला म्हाताऱ्या माणसाइतकं बरं घर मला तरी अजून सापडलेलं नाही. दुपारी दोन तास कुणी हलत नाही, हे काय कमी आहे?

त्यांना शक्य असेल तर एकदा सांगलीला येऊ दे. ठकीला बाहेर काढून दाखवायचं नाही. बाईंनी तिच्याकडे पाठ करून, पुस्तक घेऊन तासभर बसायचं. नजर गेलीच तर डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की माणसानं असं केलं तर मांजरंही तसेच डोळे मिटतात आणि अनोळखी माणसाकडेही यायला जास्त राजी होतात. (आपल्याकडे डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीला लबाड म्हणतात, ते वेगळं.)

नेण्याचं थोडक्यात. दिवाळीच्या फटाक्यांत नाही, तुळशीचं लग्न होऊ दे. पिंजरा आठवडाभर आधी उघडा ठेवून त्यातच खायला घाल. सांगली ते पुणे चार-पाच तास, गाडीनंच, पिंजऱ्यावर चादर टाकून. तिथं एकच खोली, शक्यतो कमी वावराची. खोका, पांघरूण आणि तिच्या शी-शूच्या ट्रेमधली मूठभर माती सोबत दे, तिचा वास तिला ओळखीचा असतो. आणि निघताना बाईंना सांग, "नाही जमलं तर परत आणा, आम्ही रागावणार नाही." या एका वाक्यानं माणसं घाई करत नाहीत, असा माझा अनुभव आहे. फोन मात्र तू कर, आठवड्यानं, मग महिन्यानं. त्यांनी करावा म्हणून वाट बघू नकोस.

प्रश्न : शेल्टरमधून आठ वर्षांची मांजरी आणली. तीन दिवस दिवाणाखाली आहे, काही खाल्लेलं नाही. दिवाण उचलून बाहेर काढू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : दिवाण उचलू नका. पण तीन दिवस न खाणं हे लाजण्यात मोडत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून ते जिवावर बेतू शकतं, जाड मांजराच्या बाबतीत तर जास्तच. आजच डॉक्टरांना फोन करा, बोलावतील तेव्हा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून न्या. ट्रेमध्ये लघवी दिसते का, तेही बघून ठेवा, ते विचारतीलच. हे वाचेपर्यंत ती खायला लागली असेल तर उत्तम. पुढच्या वेळी एक दिवस रिकामा गेला तरी फोन करायचा. बशी दिवाणाखालीच सरकवा, खाणं कोमट करा, वर चिमूटभर सुकटीचा भुगा. घरातलं कुठलंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

प्रश्न : मांजर सात घरं बदलतं म्हणतात. वय झालेली मांजरी आणली तर ती आमच्याकडे टिकेल का? मी ६८ वर्षांचा आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सात घरं फिरते ती बाळंतीण. बोक्याच्या आणि माणसांच्या भीतीनं पिल्लं तोंडात धरून जागा बदलत राहते. आपल्याकडे येणारी मांजरी उलट करेल. सोडलीत तर जुन्या जागेकडेच जायला निघेल. म्हणून निदान चार आठवडे दार-खिडक्या बंद. कोकणातलं घर म्हणजे पुढचं दार, मागचं दार आणि पडवी, तेव्हा सुरुवातीला तिला आतल्या खोलीतच ठेवा. आणि दूधवाल्याला सांगा, कडी वाजव आणि थांब. माझ्या दोन मांजरी त्याच्याच पायांतून निसटल्या होत्या. एक तिसऱ्या दिवशी शेजारच्या माळ्यावर सापडली, दुसरी अकराव्या दिवशी स्वतः आली, रात्री दोनला, आणि मलाच ओरडली.