रेणूतला एक मिथाईल गट

प्रश्न : माझी मुलगी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात कर्करोगावरील औषधांच्या गटात रुजू झाली आहे. दिवसभर काय करतेस असे विचारले, तर ‘एकाच रेणूचे निरनिराळे प्रकार बनवते’ असे ती सांगते. चार-दोन अणू बदलल्याने औषधात खरोखर एवढा फरक पडतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पडतो, आणि इमॅटिनिब या औषधाची घडण पाहिली की तो किती पडतो हे नीट कळते. हे औषध क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते. या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे 1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी दाखवले. 9 आणि 22 या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्याने ते तयार होते, हे 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी सिद्ध केले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचे प्रथिन तयार होते. ते टायरोसिन कायनेज जातीचे, म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडून संदेश पुढे पाठवणारे, असून सतत कार्यरत राहते आणि पेशींना अखंड विभाजनाचा आदेश देत राहते.

या प्रथिनाला रोखायचे, तर त्यात एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू जिथे बसतो ती खाच अडवायची. मात्र माणसाच्या शरीरात पाचशेहून अधिक कायनेज प्रथिने आहेत आणि त्या सर्वांच्या खाचा एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असतात. त्यामुळे नेमके एकच प्रथिन अडवणे अशक्य आहे, असे अनेक जाणकारांना त्या काळी वाटत होते.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथे सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटातील रसायनशास्त्रज्ञ युर्ग झिमरमन यांनी ज्या रेणूपासून सुरुवात केली, तो मुळात प्रोटीन कायनेज सी या भलत्याच प्रथिनाला अडवत होता. त्याला पिरिडिनचे कडे, म्हणजे अणूंचे एक वलय, जोडल्यावर तो पेशींमध्ये अधिक प्रभावी ठरला. अमाइड गट जोडल्यावर तो टायरोसिन कायनेजही अडवू लागला, पण जुन्या प्रथिनावरचा परिणाम कायम होता. मग एका कड्यावर, ठरावीक जागी, मिथाईल गट बसवला गेला. या गटात एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढेच असते. त्याच्या अडथळ्यामुळे रेणूचा आकार असा वळला की प्रोटीन कायनेज सीवरचा परिणाम नाहीसा झाला आणि हवा तो परिणाम टिकून राहिला. इमॅटिनिबचा रेणुभार सुमारे 494 आहे आणि त्यात या गटाचा वाटा केवळ 15 आहे. औषध रसायनशास्त्राच्या इतिहासात इतका लहान आणि इतका निर्णायक बदल मला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

तरीही काम संपले नव्हते, कारण हा रेणू पाण्यात पुरेसा विरघळत नव्हता. मिथाईलपिपरेझिनचे कडे जोडल्यावर तो विरघळू लागला आणि तोंडाने घेण्याजोगा झाला. 1998 मध्ये अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांच्या नेतृत्वाखाली रुग्णांवर चाचणी सुरू झाली. त्या पहिल्या टप्प्यात दररोज 300 मिलिग्रॅम वा अधिक मात्रा घेणाऱ्या 54 रुग्णांपैकी 53 जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली, आणि मे 2001 मध्ये तिथे औषधाला मान्यता मिळाली.

प्रश्न : मग काही रुग्णांत हे औषध कालांतराने निष्प्रभ का ठरते? – याच पत्रातून

उत्तर : कारण कर्करोगाच्या पेशींतील ते प्रथिनही बदलते. त्याच्या 315 व्या स्थानी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, तर इमॅटिनिबला धरून ठेवणारा हायड्रोजन बंध तुटतो आणि त्या जागी अडचणही होते. पोनॅटिनिब या पुढच्या औषधात त्या अडचणीच्या जागी कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा सरळ, सडपातळ दुवा योजला असल्याने ते बदललेल्या प्रथिनातही बसते. परंतु त्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून 2013 मध्ये अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली होती. त्यानंतर आलेले असिमिनिब एटीपीच्या खाचेत जातच नाही. ते त्याच प्रथिनावरील दुसऱ्या खाचेत बसते आणि तिथून त्याचे काम थांबवते.