घरच्या सीएनसीला (संगणकाच्या आज्ञेनुसार कापणाऱ्या मशीनला) स्टेपर मोटर लावू की सर्व्हो?

लाकूड, एमडीएफ आणि अधूनमधून अ‍ॅल्युमिनियम कापायचं असेल, तर नेमा २३ (हे मोटरच्या आकाराचं ठरलेलं माप) स्टेपर घ्या, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, स्टेपनी, फिरणारी मोटर. सर्व्होचा, म्हणजे आपली जागा सतत तपासत फिरणाऱ्या मोटरचा, खरा फायदा जास्त वेगात दिसतो, आणि घरच्या मशीनची फ्रेम बहुधा त्या वेगाला पुरी पडत नाही.

हिशोब करून बघा. ५ मिमी पिचचा (एका फेरीत ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, म्हणजे मोटरने फिरणारा लांब स्क्रू, ६०० आरपीएमने (मिनिटाला ६०० फेऱ्या) फिरला, तर अक्ष (मशीनचा त्या दिशेने सरकणारा भाग) मिनिटाला ३००० मिमी सरकतो. छोट्या राउटरला (अशा कापणाऱ्या सीएनसीला) एवढं पुष्कळ झालं. स्टेपरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) मात्र वेग वाढला की घसरतो. म्हणून नुसता होल्डिंग टॉर्कचा (थांबलेल्या मोटरच्या जोराचा) आकडा बघून मोठी मोटर उचलू नका. तिचं इंडक्टन्स (वेटोळ्याचा करंट बदलायला होणारा विरोध) जास्त असेल, तर वेगात ती लहान मोटरपेक्षाही कमजोर पडू शकते. ड्रायव्हरला (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटला) चालत असेल तर २४ ऐवजी ३६ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय द्या, फरक लगेच जाणवेल.

साध्या स्टेपरची खरी अडचण वेगळीच आहे. टूल अडकून स्टेप चुकली, तरी कंट्रोलरला (मशीनला हुकूम देणाऱ्या बोर्डला) पत्ता लागत नाही आणि पुढचं सगळं काम सरकलेलं निघतं. ही धास्ती असेल तर क्लोज्ड लूप स्टेपर घ्या. त्यात एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) असतो, चूक मर्यादेबाहेर गेली की ड्रायव्हर अलार्म देतो. फक्त तो अलार्म कंट्रोलरला जोडायला विसरू नका, नाहीतर एक अक्ष थांबेल आणि बाकीचे कापत राहतील!

लांब अक्ष, जड गॅन्ट्री (टूल धरणारा आडवा पूल), तासन्‌तास वेगात काम असेल, तर सर्व्हो घ्या, पण ट्यूनिंगला (सेटिंग्ज जुळवायला) वेळ द्यावा लागेल.